चवर की रानहळद?

प्रश्न : ताम्हिणीच्या रस्त्याला श्रावणात झाडीच्या कडेने हळदीसारख्या पानांची, वर गुलाबी तुरा असलेली फुलं दिसतात. आमच्या घरी त्यांना चवर म्हणतात. सोबतच्या ताई म्हणाल्या, ही रानहळद. एकाच झाडाची ही दोन नावं आहेत का?

उत्तर : झाडं दोन आहेत, नावांची मात्र गावोगाव सरमिसळ झाली आहे. तुमच्या वर्णनावरून ती रानहळद वाटते, म्हणजे शास्त्रीय नावाने कर्क्युमा स्यूडोमोंटाना. तिचा डोळ्यांत भरणारा गुलाबी तुरा हे फूल नव्हे, ती दांड्याच्या शेंड्याची रंगीत छदं, म्हणजे फुलोऱ्यातली पानासारखी पाती. त्यांच्या पोटी फूल येतच नाही. जरा वाकून खालची हिरवी छदं बघा. खिशासारखी असतात, पावसाचं पाणी साचतं त्यांत, आणि त्यातूनच पिवळंधमक फूल डोकावतं. जागा म्हणाल तर पानझडी जंगलाची ओलसर सावली, झाडोऱ्याच्या कडा, ओढ्याकाठचे उतार.

चवर म्हणजे हिचेनिया कॉलिना. महाबळेश्वर, कास इथल्या उघड्या पठारांवर आणि गवताळ उतारांवर ती थव्याने उगवते. पानांचा दांडा चांगला उंच वाढतो, शेंड्यावर हिरवट छदांचं कणीस आणि त्यात पांढरट फुलं. गुलाबी तुरा नाही. सह्याद्रीबाहेर ती सापडत नाही. तिच्या गड्ड्यांपासून आरारूटसारखं सत्त्व काढत. गंमत अशी की ग्रॅहम या वनस्पती-अभ्यासकाने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या 1839 च्या यादीत या दोघींनाही कर्क्युमात, म्हणजे हळदीच्याच गणात घातलं होतं. तेव्हा गावकऱ्यांनी एकच नाव वापरलं तर त्यांना चूक म्हणवत नाही. घरात चवर खुशाल म्हणा. नोंद लिहिताना मात्र गुलाबी तुऱ्याच्या झाडाला रानहळदच लिहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : फोटो मोठा करून पाहिला. तुरा गुलाबीच आहे, पण आतली फुलंही जांभळट-गुलाबी दिसतात, पिवळी नाहीत.

उत्तर : मग ही तिसरी, कर्क्युमा इनोडोरा. मराठीत तिलाही रानहळदच म्हणतात, म्हणून नोंदीत फुलाचा रंग हवाच. पहिल्या पावसात, पानं नीट फुटायच्या आधीच, तिचे सुरुवातीचे तुरे जमिनीतून बाजूने वर येतात. त्या फोटोत दांडा पानांच्या मधून निघालाय की शेजारून, तेवढं बघून सांगाल का? खात्रीसाठी गड्डा मात्र उकरू नका, दांड्याच्या बुडाचा फोटो पुरे.