'पेस्ट्री लाटून घ्या' मराठीत कसं लिहाल?

खारीबटर:
घरी करता येतील अशा फ्रेंच गोड पदार्थांच्या कृती मराठीत लिहितेय आणि पहिल्याच ओळीत अडलेय. आपल्याकडे पेस्ट्री म्हणजे बेकरीतला क्रीम लावलेला, वर चेरी ठेवलेला केकचा तुकडा. मूळ कृतीत मात्र पेस्ट्री म्हणजे मैदा-लोण्याचं पीठ. 'पेस्ट्री लाटून घ्या' लिहिलं तर कुणीतरी केकवर लाटणं फिरवेल! त्यातून टार्ट, पफ आणि एक्लेअर या तिन्हींची पिठं वेगळी. तुम्ही काय लिहाल?

मेतकूट:
कुणी 'मिष्टपिष्ट' वगैरे सुचवायच्या आत सांगतो, नवा शब्द घडवू नका. टार्टच्या पिठाला नाव नसलं तरी क्रिया आपल्याकडे आहे: मोहन घालणे. करंजीला ते कडकडीत घालतात, इथे गार लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं. 200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम लोणी. हेतू एकच, पीठ चिवट होऊ नये. मूठ वळली की मोहन पुरलं, ही खूणही तीच. 'गार लोण्याचं मोहन' लिहा, करंज्या करणाऱ्याला पुढचं सांगावं लागणार नाही.

आंबेहळद:
पफसाठी 'साट्याचं पीठ' कसं वाटतं? चिरोट्यांना लावतो तोच साटा. (काही जण 'साठा' लिहितात. आमच्याकडे साटाच.)

मेतकूट:
जवळचा आहे, पण तंतोतंत नाही. साटा म्हणजे तूप आणि तांदळाचं पीठ फेसून केलेला लेप, पोळीवर पसरायचा. तांदळाच्या पिठामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत. पफमध्ये गार लोण्याची चपटी लादी कणकेत गुंडाळून लाटायची आणि तिहेरी घडी घालायची. अशा सहा घड्या झाल्या की लोण्याचे 729 थर होतात. लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं. भट्टीत त्याची आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते, ती पदर उचलते. तुपात पाणी जवळपास नसतंच. साटा म्हटलं तर लोक तूप फेसायला बसतील आणि पफ बसेल.

आंबेहळद:
मग सरळ 'खारीचं पीठ' म्हणा की! चहात बुडवतो ती खारी दुसरं काय आहे? पॅटिसचं आवरणही तेच.

खारीबटर:
माझ्या नावातच उत्तर होतं म्हणायचं. पण गोड पदार्थाला 'खारीचं पीठ'?

आंबेहळद:
खाणारा पदर मोजतो, मीठ नाही. फार खटकलं तर 'पदरांचं पीठ'.

मेतकूट:
एक्लेअरचं सगळ्यांत सोपं. ती उकडच आहे. पाणी आणि लोणी उकळायचं, मैदा एकदम ओतायचा, गोळा भांड्याच्या कडा सोडेपर्यंत घोटायचा. मोदकाच्या उकडीपासून वाट फुटते ती पुढे: जरा निवल्यावर एकेक अंडं घालत सैल करायचं, चमच्यावरून पीठ जाड पट्टीसारखं हळूहळू ओघळलं की थांबायचं. फ्रेंच लोक याला 'शू' म्हणतात, म्हणजे कोबी, कारण भाजल्यावर गोळे तसे फुगतात. 'अंड्याची उकड' अचूक आहे, पण चतुर्थीच्या आसपास घरात मोठ्याने बोलू नका.

पिठीसाखर:
सजावटीबद्दल माझे दोन आणे. क्रीमची फुलं 'काढा' नको, 'पाडा' लिहा. चकल्या पाडतो, जिलब्या पाडतो, तसंच. पिशवी आणि नोझल मात्र तसेच राहू देत. अंडं फेटतात, तूप फेसतात, क्रीमला फेटणेच बरं. आणि 'फोल्ड'चं भाषांतर 'घडी घाला' असं वाचलंय मी, फेटलेल्या क्रीमच्या बाबतीत! 'खालून वर, हलक्या हाताने मिसळा' एवढं पुरतं.

खारीबटर:
उत्तम. ग्लेझ राहिलं. 'पाकवणे' चालेल?

पिठीसाखर:
नको. पाकवलेल्या चिरोट्यावर साखर पांढरी जमलेली दिसते. फळांच्या टार्टवर जर्दाळूचा जॅम पातळ करून ब्रशने फिरवतात, तो चकचकीतच राहायला हवा. ग्लेझला ग्लेझ म्हणा.