'विजय दिवस', 'विजय दिन' की 'विजयदिन'?

नौपाडा_वाचक
वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी जगभरातल्या लष्करी विजयांच्या सुट्ट्यांची यादी करायची आहे. शीर्षकापाशीच गाडी अडली आहे. 'दिवस' लिहायचं की 'दिन'? जोडून की तोडून? आणि सगळ्यांना सरसकट एकच नाव चालेल का? कच्ची यादी अशी: बांगलादेश १६ डिसेंबर, रशिया ९ मे, तुर्कस्तान ३० ऑगस्ट, इथिओपिया २ मार्च, मेक्सिको ५ मे, ऑस्ट्रेलिया २५ एप्रिल, फ्रान्स ११ नोव्हेंबर. भारतातले १६ डिसेंबर आणि २६ जुलैही घ्यायचे आहेत.

मुद्रितशोधक_ऐरोली
शब्द दोन्ही संस्कृत, दोन्ही शुद्ध. पण मराठीने कामं वाटून दिली आहेत. चार दिवस गेले, दिवस मावळला, वाढदिवस इथे दिवस. पाळायच्या किंवा साजऱ्या करायच्या तारखेला दिन: स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, शिक्षक दिन. हिंदीत या सगळ्या ठिकाणी दिवस येतो. 'विजय दिवस' आणि 'कारगिल विजय दिवस' ही सेनादलांची, म्हणजे हिंदीतून आलेली नावं. ती विशेषनामं म्हणून तशीच ठेवा, कराडच्या डिसेंबरातल्या समारंभाचं नावही 'विजय दिवस'च आहे. बाकी देशांचं तुम्ही भाषांतर करताय, तिथे दिन.

जोडणं-तोडणं: समास असल्याने 'विजयदिन' हे व्याकरणाला धरून. सरकारी पत्रकांत तोडलेलं दिसतं, तेही आता डोळ्यांना बोचत नाही. पण एका पानावर दोन्ही नकोत.

खरी फसगत पुढे आहे. मुक्ती, स्मृती हे शब्द एकटे असताना शेवट दीर्घ. समासात पहिलं पद झाले की मूळ ह्रस्व परत येतो: मुक्तिदिन, स्मृतिदिन. म्हणून 'मुक्ती दिन' (तोडून, दीर्घ) बरोबर आणि 'मुक्तिदिन' (जोडून, ह्रस्व) बरोबर. फ्लेक्सवर मात्र हमखास 'मुक्तीदिन' नाहीतर 'मुक्ति दिन' असतं, म्हणजे दोन्हीकडून चूक.

आणि दिन मधला दि कायम पहिला. 'विजय दीन' छापलंत तर बिचारा विजय केविलवाणा होऊन बसेल.

कळवा_खाडी
२६ जुलै ठळक छापणार असाल तर खाली 'कारगिल, १९९९' मोठ्या अक्षरात टाका. ठाण्यात नुसतं '२६ जुलै' म्हटलं की २००५ चं पाणीच आठवतं.

वाशी_सेक्टर९
यादीतले निदान दोन दिवस विजयाचे नाहीतच.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा २५ एप्रिल म्हणजे ॲन्झॅक दिन. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली या दिवशी त्यांचं सैन्य तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलं. मोहीम फसली आणि जानेवारी १९१६ पर्यंत सगळं सैन्य माघारी न्यावं लागलं. तो स्मृतिदिन आहे. जिंकले ते तुर्क, आणि ते त्याच मोहिमेतला १८ मार्च पाळतात, कारण १९१५ च्या त्या दिवशी दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत दोस्त राष्ट्रांचा नौदली हल्ला परतवला गेला.

दुसरा ११ नोव्हेंबर. १९१८ साली कोंपियेन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात सह्या झाल्या आणि सकाळी ११ वाजता तोफा थांबल्या. कागद शस्त्रसंधीचा होता. शस्त्रसंधी म्हणजे लढाई थांबवण्याचा करार, शरणागती म्हणजे हत्यार खाली ठेवणं, तह म्हणजे अटी ठरवून युद्ध संपवणं. तह पुढे २८ जून १९१९ ला व्हर्सायला झाला. मराठी वर्तमानपत्रं या तिन्हींना खुशाल 'करार' म्हणून मोकळी होतात. इथे 'शस्त्रसंधी दिन' लिहा.

घोडबंदर_१७३७
फ्रान्सबद्दल थोडी दुरुस्ती. तिथे ही सुट्टी १९२२ च्या कायद्याने लागू झाली आणि त्यात शब्द आहेत 'विजय आणि शांतता' यांच्या स्मरणार्थ. म्हणजे घटना शस्त्रसंधीची, सुट्टी विजयाची. यादीत ठेवायला हरकत नाही, नाव मात्र शस्त्रसंधी दिनच बरं, लोक तेच म्हणतात. फ्रान्सचा ८ मे हाही सुट्टीचा दिवस तुमच्या यादीतून सुटला आहे, तो १९४५ च्या विजयाचा.

वाशी_सेक्टर९
मान्य. कायद्याचं लक्षात नव्हतं.

नौपाडा_वाचक
८ मे आणि ९ मे एकाच शरणागतीचे ना? मग रशियाची तारीख वेगळी कशी?

तिथीवार_कोपरी
घड्याळामुळे. जर्मनीच्या शरणागतीवर पहिली सही ७ मे १९४५ ला रॅंस इथे झाली, अंमल ८ मे रात्री ११ वाजून १ मिनिटाने, मध्य युरोपच्या वेळेप्रमाणे. सोव्हिएत आग्रहाने बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्टमध्ये पुन्हा सह्या झाल्या, तेव्हा मॉस्कोच्या घड्याळात बारा वाजून ९ मे लागला होता. (आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्या हिशेबाने मंगळवार अजून सरला नव्हता.) युक्रेनने २०२३ च्या कायद्याने ९ मे सोडून ८ मे धरला आणि नावात 'विजय' च्या आधी 'स्मृती' आणली.

इथिओपियाची गंमत याहून मोठी आहे. अडवाची लढाई झाली १ मार्च १८९६ ला. सम्राट दुसरा मेनेलिक याच्या सैन्याने इटलीला हरवलं. सुट्टी मात्र २ मार्चला. चूक कोणाचीच नाही. तिथे दिवस पाळतात तो त्यांच्या कॅलेंडरचा, येकातित महिन्याची २३ तारीख. त्या कॅलेंडरमध्ये दर चौथं वर्ष न चुकता लीप. ग्रेगरियनमध्ये १९०० साल लीप नव्हतं, तिथे दोघांत एका दिवसाचा फरक वाढला. तेव्हापासून येकातित २३ येते २ मार्चला. म्हणून पत्रकावर 'लढाई १ मार्च १८९६, सुट्टी २ मार्च' असं दोन्ही लिहा, नाहीतर कोणीतरी पेन घेऊन 'सुधारून' जाईल.

शिवजयंती तारखेने की तिथीने हा वाद ऐकत मोठ्या झालेल्यांना हे लगेच कळेल. शिवप्रताप दिनाचंही तसंच: अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा, पण दिवस पाळला जातो मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी हलते.

मुद्रितशोधक_ऐरोली
तुर्कस्तानच्या नावाकडेही बघा. 'झफर बायरामी'. झफर म्हणजे विजय, बहादूरशहाच्या टोपणनावातला 'जफर' तोच. बायराम म्हणजे सण, ईदलाही तिथे बायरामच म्हणतात. १९२२ साली ३० ऑगस्टला दुम्लुपिनारला ग्रीक सैन्याविरुद्धची निर्णायक लढाई जिंकली, त्याची ही सुट्टी. दिन म्हटलं की ध्वजारोहण आणि भाषण डोळ्यांसमोर येतं, तेव्हा इथे 'विजयोत्सव' जास्त जवळचा. एस्टोनियाचा २३ जूनचाही तसाच, त्यांच्या शब्दात 'पवित्र दिवस' असा अर्थ आहे. १९१९ च्या व्हन्नूच्या लढाईची ती आठवण.

अरबीतून आपल्याकडे आला तो मात्र दुसरा शब्द, फत्ते. 'फतह' चा मूळ अर्थ उघडणं. दरवाजा उघडला की किल्ला पडला, म्हणून 'मोहीम फत्ते'. जोडीला आपलं 'सर करणे' आहे. गड सर होतो, शिखर सर होतं. देश सर होत नाही, तो जिंकावा लागतो.

घोडबंदर_१७३७
आणि गड 'घेतात', हे सगळ्यांत साधं. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून १७३७ साली घेतला, वसई १७३९ ला. त्या ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे विजयाची जागा म्हणून दाखवायला कोणी पाहुण्यांना नेत नाही.

मेक्सिकोच्या ५ मेबद्दल एक. तो स्वातंत्र्यदिन नव्हे, तो १६ सप्टेंबर. ५ मे १८६२ ला जनरल झारागोसाने पुएब्लाला फ्रेंच सैन्य हरवलं. पुढच्याच वर्षी, मे १८६३ मध्ये, फ्रेंचांनी पुएब्ला घेतलं. म्हणजे विजय लढाईचा, युद्धाचा नव्हे. लढाई आणि युद्ध हे दोन शब्द मराठीत चांगले वेगळे आहेत, मग 'पुएब्लाची लढाई' च लिहा, 'पुएब्ला युद्ध' नको.

कळवा_खाडी
गोव्याचा १९ डिसेंबर घ्यायचा का? १९६१ साली तर सैन्यच गेलं होतं, आणि मोहिमेचं नावसुद्धा 'ऑपरेशन विजय'. कारगिललाही तेच नाव.

वाशी_सेक्टर९
घ्या, पण 'मुक्तिदिन' म्हणूनच. मुद्दा तोच आहे: नाव आपण ठरवायचं नाही, ज्यांचा दिवस त्यांनी ठेवलेलं लिहायचं. फौजेची मोहीम 'विजय', लोकांच्या तोंडी 'मुक्ती'. मराठवाड्याचा १७ सप्टेंबर घ्या. १९४८ ची ती लष्करी कारवाई, सरकारदरबारी 'पोलीस कारवाई', आणि दिवसाचं नाव 'मुक्तिसंग्राम दिन'. एका घटनेला तीन नावं, आणि तिन्ही मुद्दाम निवडलेली.

हरलेल्याचं नाव तर आणखी वेगळं. ८ मे १९८५ ला जर्मन राष्ट्राध्यक्ष वाइत्सेकर यांनी संसदेतल्या भाषणात या दिवसाला 'मुक्तीचा दिवस' म्हटलं. पराभवाचा दिवस म्हणणाऱ्यांना ते बराच काळ पचलं नाही.

बांगलादेशला काही अडचण नाही. बंगालीतही 'विजय दिवस', उच्चार बिजॉय दिबॉश. १९७१ साली ढाक्याच्या रमना मैदानावर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी भारताचे जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यापुढे शरणागतीच्या कागदावर सही केली तो दिवस. तिथे सार्वजनिक सुट्टी, आपल्याकडे त्याच तारखेला सुट्टी नाही. तक्त्यात 'सुट्टी आहे / नाही' असा रकाना ठेवा, नाहीतर शीर्षक खोटं ठरेल.

मुद्रितशोधक_ऐरोली
क्रियापदंही तपासा. विजयदिन 'साजरा' होतो. स्मृतिदिन आणि हुतात्मा दिन 'पाळतात'. 'ॲन्झॅक दिन उत्साहात साजरा' असं गेलं तर थेट अपमान आहे.

आणि दसरा घेणार असाल तर 'विजयादशमी' एकच शब्द. त्यात 'विजया' हे तिथीचं नाव, म्हणून मधला काना हवा. शिवाय आपल्याकडे त्या दिवशीचा विधी सीमोल्लंघनाचा. पाऊस संपला, नद्या उतरल्या, आता मोहिमेवर निघायचं. जिंकून यायचं अजून बाकी असतं.

नौपाडा_वाचक
शीर्षक 'विजयदिन आणि स्मृतिदिन' करतो, जोडून. ॲन्झॅक दुसऱ्या रकान्यात. एक शेवटचं: 'सुट्टी' की 'सुटी'?

मुद्रितशोधक_ऐरोली
दोन्ही चालतात. पण वर तुम्ही चार ओळींत 'सुट्ट्यांची' लिहिलंय, तेच शेवटपर्यंत ठेवा.