मदत हवी आहे : विसर्जनानंतर भजन पुन्हा सुरू होते

मोदकप्रेमी :
नमस्कार. घरच्या गणपतीपुढचे भजन, नंतरची आरती आणि विसर्जन यांचे चित्रण मी कॅमेऱ्यावर केले. फायली संगणकावर घेऊन नावाच्या क्रमाने जोडल्या, तर भजन थोडे रंगात येते न येते तोच आरती लागते, मग बाप्पा नदीवर जातात आणि ते पाण्यात उतरल्यावर भजन मधूनच पुन्हा सुरू होते. नावे ओळीने आहेत, एकही गाळलेले नाही. रविवारी नातेवाईक पाहायला येणार आहेत, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

दूरदेशी :
कॅमेरा कोणता, मॉडेल कोणते आणि फायलींची नावे नेमकी काय आहेत?

जुने_भिंग :
हा हमखास ९९९९ चा घोळ आहे. १९९८ साली जपानमध्ये ठरलेल्या डीसीएफ या कॅमेऱ्यांच्या फायलींविषयीच्या नियमानुसार कार्डावरच्या ‘डीसीआयएम’ या मुख्य फोल्डरच्या आत १०० ते ९९९ क्रमांकांची फोल्डरे असतात आणि फाइलच्या नावात चार अक्षरांपुढे चार अंक येतात. ९९९९ झाले की गाडी पुन्हा ०००१ वर येते. सगळे एकाच फोल्डरात टाकल्यामुळे आमच्या पुतण्याच्या अल्बममध्ये भिक्षावळ आधी आणि मुंज नंतर लागली होती.

मोदकप्रेमी :
९९९९ चा काही संबंध नाही. नावे अशी आहेत : जीएक्स०१००४७, जीएक्स०१००४८, जीएक्स०१००४९, जीएक्स०२००४७, जीएक्स०३००४७. हेल्मेटला लावतात तो छोटा कॅमेरा आहे.

बॅकअपवाले_काका :
मूळ कार्ड पुसण्याआधी दोन वेगळ्या हार्डडिस्कवर प्रती ठेवाव्यात. त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी.

मोदकप्रेमी :
काका, प्रती आहेत. क्रम नाही.

दूरदेशी :
ही नावे आधीच दिली असती, तर मुंजीपर्यंत जावे लागले नसते. ही गोप्रो कंपनीच्या कॅमेऱ्यांची पद्धत आहे. ‘जीएक्स’ म्हणजे एचईव्हीसी पद्धतीचे चित्रण आणि ‘जीएच’ म्हणजे एव्हीसी; या दोन्ही चित्रण आकसून साठवण्याच्या पद्धती. त्यापुढचे दोन अंक तुकड्याचे आणि शेवटचे चार त्या चित्रणाचे. फॅट३२ या फायली साठवण्याच्या पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून लांब चित्रणाचे तुकडे पाडण्याची रीत पडली. तेव्हा आपले भजन हे ००४७ क्रमांकाचे एकच चित्रण असून त्याचे तीन तुकडे आहेत; आरती ००४८ आणि विसर्जन ००४९. संगणक नाव डावीकडून वाचतो, त्यामुळे तो सर्वांचे पहिले तुकडे आधी लावतो.

सरळमार्गी :
इतका खटाटोप कशाला? विंडोजमध्ये तारखेनुसार लावावे.

जुने_भिंग :
कोणत्या तारखेनुसार, तेही सांगावे. फाइल तयार झाल्याची म्हणून जी तारीख दिसते, ती कार्डावरून नक्कल केल्याची असते. बदल झाल्याची तारीख तेवढी मूळची राहते. शिवाय कुणाच्या मोबाइलवरचे चित्रण त्यात मिसळले, तर एमपी४ फाइलच्या आत बहुधा जागतिक वेळ नोंदलेली असते आणि संध्याकाळची आरती साडेपाच तास मागे, भर दुपारी जाऊन बसते.

सरळमार्गी :
मोबाइलचे इथे कुणी विचारलेलेच नाही.

दूरदेशी :
भिंगांचा मुद्दा तारखेपुरता बरोबर आहे. मी मात्र नावेच बदलीन : ००४७_०१, ००४७_०२, ००४७_०३, मग ००४८_०१. अर्थात नावे बदलायची ती नकललेल्या फायलींची; मूळ नावांना हात लावू नये, कारण त्याच नावाशी जुळणाऱ्या एलआरव्ही आणि टीएचएम या छोट्या फायलींची जोडी त्यामुळे तुटते.

मोदकप्रेमी :
त्या छोट्या फायली मी निरुपयोगी समजून काल पुसल्या.

दूरदेशी :
हरकत नाही. एकीत पूर्वदर्शनाचे कमी दर्जाचे चित्रण असते आणि दुसरीत छोटे चित्र. मूळ भजन शाबूत आहे.

मोदकप्रेमी :
नावे बदलून पुन्हा जोडले. आता भजन सलग होते, मग आरती, मग विसर्जन. तुकड्यांच्या सांध्यावर टाळ किंचित अडखळतो, तेवढे चालेल. सर्वांचे आभार.

दूरदेशी :
उत्तम. मॉडेल मात्र आपण अजूनही सांगितलेले नाही.