मिरर केल्यावर मधे दिसणारी कड

CAD मध्ये (संगणकावर आकार काढताना) सममित आकार हवा असेल, तर अर्धाच आकार काढून मिरर करा, म्हणजे आरशासारखी दुसरी बाजू बनवा, असं सुचवतात ते बरोबरच. पण तेवढ्याने दोन अर्ध्यांच्या सांध्यावर दिसणारी मधली कड जात नाही. स्प्लाइन (काही बिंदूंनी आकार ठरवलेला गुळगुळीत वक्र) सममितीच्या प्रतलाला, म्हणजे ज्या प्रतलात मिरर करतो त्याला, जिथे टेकते तिथे तिची स्पर्शिका प्रतलाला अचूक लंब हवी. म्हणजे टोकाचा आणि त्याच्या शेजारचा कंट्रोल पॉइंट (वक्राचा आकार ठरवणारा बिंदू) प्रतलाला लंब अशा एकाच रेषेवर ठेवायचे. मग वक्रता (वक्र किती वळतो ते) दोन्हीकडे आपोआप जुळते, वेगळा कन्स्ट्रेंट (बंधन) लागत नाही.

तरी चकचकीत पृष्ठभागावर मधोमध बारीक रेघ जाणवू शकते, आणि ती फार खटकते! कर्व्हेचर कोंबमध्ये (वक्रावर उभ्या रेघांनी जागोजागची वक्रता दाखवणाऱ्या आलेखात) मध्यावर टोक दिसलं, तर वक्रता बदलण्याचा वेग तिथे अचानक उलटतोय. अशा वेळी मधे सांधा न ठेवता पूर्ण सममित वक्र एकाच स्प्लाइनने काढावा.