निधीसाठी लांब पल्ल्याची पदयात्रा : आपले अनुभव लिहा

धागाकर्ता :
एखाद्या सेवाकार्याला निधी मिळावा म्हणून ज्यांनी लांबचा पल्ला पायी चालण्याचे मनावर घेतले, मग तो पूर्ण केला असो वा अर्ध्यावर सोडला असो, त्या सर्वांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत. सुरुवात मी करतो. मला चालण्याची धास्ती नव्हती, पैसे मागण्याची होती. ओळखीच्यांची यादी तयार होऊन पंधरा दिवस उलटले तरी एकालाही फोन केला नव्हता. शेवटी पहिली रक्कम स्वतःच्या खिशातून भरली आणि मगच इतरांकडे शब्द टाकला. प्रवासाचा, मुक्कामाचा आणि बुटांचा खर्च माझा मी करणार असून तुमची रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाईल, हे वाक्य निरोपात घातल्यावर प्रतिसाद वाढला. आपले पैसे चालणाऱ्याच्याच खर्चात तर जाणार नाहीत ना, हा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, पण तो प्रत्येकाच्या मनात असतो.

संथचाल :
चौघांच्या चमूने १०० किलोमीटर अंतर ४८ तासांत कापायचे, हा प्रकार हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून सुरू झाला आणि पुढे ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या 'ट्रेलवॉकर' उपक्रमामुळे अनेक देशांत पोहोचला. आम्ही त्याच धर्तीवरच्या एका पदयात्रेत उतरलो होतो. अडतिसाव्या किलोमीटरला माझी उजवी टाच गरम लागू लागली. तेथेच बसून पट्टी लावायला पाच मिनिटे पुरली असती, परंतु माझ्यामुळे चमू खोळंबेल या संकोचाने मी पुढच्या थांब्यावर पाहू म्हणत राहिलो. बावन्नाव्या किलोमीटरला मोजा काढला तेव्हा नाण्याएवढा फोड आला होता आणि त्यानंतर मी सगळ्यांना दोन तास खोळंबवले. ओलावा, उष्णता आणि घर्षण एकत्र आले की फोड येतो. माझे सुती मोजे घाम धरून ठेवत होते. तासन्‌तास चालून पाय सुजतात म्हणून बूट अर्धा क्रमांक मोठा घ्यावा, हा सल्ला मी ऐकून सोडून दिला होता. उतारावर अंगठा बुटाच्या टोकावर आदळत राहिला, नख काळे पडले आणि काही आठवड्यांनी गळून गेले.

एकाहत्तर :
मी शंभरपैकी एकाहत्तराव्या किलोमीटरला थांबले, म्हणून हे नाव. उन्हात दिवसभर तहान नसतानाही नुसते पाणी पीत राहिले, क्षार मात्र घेतले नाहीत. मळमळ, डोकेदुखी आणि बोटांना सूज पाहून वैद्यकीय पथकातील डॉक्टरांनी रक्तातले सोडियम उतरल्याची शक्यता सांगितली व पुढे जाऊ दिले नाही. खरी पंचाईत घरी आल्यावर झाली, कारण काहींनी दर किलोमीटरला ठरावीक रक्कम कबूल केली होती, तर काहींनी ठोक रक्कम आधीच दिली होती. मी सर्वांना जसे घडले तसे लिहिले. बहुतेक किलोमीटरवाल्यांनी एकाहत्तरचा हिशेब चुकता केला, दोघांनी शंभराचे पैसे दिले. ठोक रक्कम देणाऱ्या एकाने उरलेल्या अंतराचे पैसे परत मागितले. तेव्हा राग आला होता. आता वाटते की आधी अट स्पष्ट न करणे ही माझीच चूक होती.

वॉकरधारी :
वॉकरच्या आधाराने चालणारे ब्रिटनचे माजी सैनिक कॅप्टन टॉम मूर यांनी २०२० साली आपल्या शंभराव्या वाढदिवसापूर्वी २५ मीटर लांबीच्या अंगणात १०० फेऱ्या घालण्याचे ठरवले. लक्ष्य १,००० पौंडांचे होते, जमले ३ कोटी २० लाखांहून अधिक. एकूण अंतर अवघे अडीच किलोमीटर! त्यांच्या धर्तीवर मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गच्चीवर फेऱ्या घातल्या. ठरवलेल्या रकमेच्या निम्मीच जमली, पण ती वेळेत संस्थेला पोहोचली.

वहीवाला :
मी चाललो नाही. चमूसाठी कोरडे मोजे घेऊन गाडीतून थांब्याथांब्यावर हजर राहणे आणि नंतर वसुली करणे, ही कामे माझ्याकडे होती. रात्री दोनच्या सुमारास चालणाऱ्याला 'कसे वाटते आहे' असे विचारू नये, एवढे मी पहिल्याच थांब्यावर शिकलो. मोजे पुढे करावेत आणि गप्प बसावे. वसुलीला मात्र सात आठवडे लागले. आठवडाभरात आठवण केली तर लोक हसतमुखाने देतात, महिना उलटल्यावर तोच निरोप तगादा वाटू लागतो. वहीत एक नाव अजून बाकी आहे. ते गृहस्थ भेटले की चमूतल्या सगळ्यांच्या पायांची चौकशी आवर्जून करतात.