मदत हवी आहे: व्हीआर रोलप्लेमध्ये सगळ्यांना गरगरतंय (रविवारी खेळ आहे!)

सुट्टा_फासा
चार खेळाडू व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बसणारा, आभासी जग दाखवणारा चष्मा) घालून खेळतात, मी जीएम (गोष्ट चालवणारा गेम मास्टर), लॅपटॉपवरून प्रसंग चालवतो. दरबार, तळघर, भुयार असे तीन प्रसंग आहेत. दहा मिनिटांत दोघं हेडसेट काढून बसतात, गरगरतंय म्हणतात. राजा बोलायला लागतो तेव्हा एक जण छत न्याहाळत असतो, दुसरा हातातली मशाल फिरवत असतो, आणि नंतर विचारतात, "राजा काय म्हणाला?" सगळं कथानक पाण्यात. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात) तपासला, ठीक आहे. आल्याच्या वड्या, गोळ्या सुचवू नका. फक्त सेटिंग सांगा, लवकर.

ओळंबा
"ठीक आहे" म्हणजे किती? हेडसेट कोणता, इंजिन (खेळ ज्यात बनतो ते सॉफ्टवेअर) कोणतं? ७२ हर्ट्झला एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१. सरासरी छान दिसते आणि प्रसंग लोड होताना मध्येच एखादी फ्रेम ४० मिलिसेकंद खाते. नेमकं तेव्हाच कोणी मान वळवली की झालं. सरासरी नको, सर्वात वाईट फ्रेम सांगा. आणि खेळाडू पुढे सरकतात कसे, कंट्रोलरच्या स्टिकने?

गारगोटी
कशाला एवढी चौकशी. स्टिक बंद, टेलिपोर्ट (सरकण्याऐवजी एकदम उडी) चालू, वळायला ३० अंशांचा स्नॅप टर्न (झटक्यात वळण), हालचालीत कडा काळ्या करणारा व्हिन्येट. नव्वद टक्के तक्रारी इथेच संपतात.

कंदील_विझवा
मुळात हे करायचंच कशाला? १९७४ ला डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं तेव्हापासून कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणारा माणूस एवढ्यावर चालतंय. तुम्ही ड्रॅगन दाखवलात की चौघांच्या डोक्यातले चार ड्रॅगन मेले.

गारगोटी
@कंदील_विझवा, धाग्याचं नाव वाचा. गरगरतंय म्हणालेत, वाद घाला नाही म्हणाले.

सुट्टा_फासा
हेडसेट क्वेस्ट ३, इंजिन युनिटी. ७२ वर, सर्वात वाईट फ्रेम १५ मिलिसेकंदांच्या आसपास, तीही क्वचित. टेलिपोर्ट आधीपासून आहे, स्टिक बंदच आहे. पुढे?

ओळंबा
मग कॅमेरा रिग (खेळातले खेळाडूचे डोळे ज्यावर बसवलेत तो सांगाडा) आणखी कोण हलवतंय? स्क्रिप्टमध्ये शोधा.

सुट्टा_फासा
कोणी नाही. फक्त राजा बोलायच्या आधी सगळ्यांना त्याच्याकडे वळवतो, दोन सेकंदांत, अगदी हळू. कटसीनसाठी (नुसत्या बघायच्या प्रसंगासाठी) लागतंच ना ते. ते चालणं नाही.

ओळंबा
सापडलं. हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

चित्रपटात कॅमेरा वळला तरी पडद्याभोवतीची भिंत जागेवर असते. इथे पूर्ण जग वळतं. डोळे म्हणतात मी फिरलो, कानाच्या आतला तोल म्हणतो मी उभाच आहे. आणि "हळू" केल्याने त्रास वाढतो, कारण डोळ्यांना वळण जाणवायला दोन सेकंद भरपूर झाले. वळवायचंच असेल तर ०.२ सेकंदात काळोख, काळोखात एका झटक्यात वळण, पुन्हा उजेड. पण माझं मत, वळवूच नका. व्हीआरमध्ये मान खेळाडूची. जीएमने लक्ष ओढावं, डोकं नाही.

सुट्टा_फासा
मग राजाकडे बघणार कोण? तोच तर प्रश्न आहे.

विंगेतला
नाटकात प्रेक्षकाची मान कोणी धरत नाही, तरी तो बरोबर बघतो. तेच इथे करा.

राजाला आपोआप बोलू देऊ नका. खेळाडूची नजर आणि राजाची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात याचा आकडा) ०.९ च्या वर (म्हणजे साधारण २५ अंशांच्या आत) अर्धा सेकंद टिकला, की पहिलं वाक्य सुरू. सात-आठ सेकंदांत तसं झालं नाही तर हाक द्या: राजाच्या बाजूने भाला फरशीवर आपटल्याचा आवाज. आवाज खणखणीत निवडा. घुमणारा, खर्जातला आवाज कुठून आला ते कानाला कळत नाही; ठक्, खण् असले लगेच कळतात. बरोबर दरबारातल्या बाकीच्या मशाली मंद करा. हातातल्या मशालीशी खेळणारा गडी आहे ना, त्याच्या मशालीची ज्योत वाऱ्याने झुकावी तशी राजाच्या दिशेला कलती करा. तो तिच्याकडेच बघतोय, ज्योतीच्या रोखाने आपसूक पुढे बघेल.

चारही जणांची वाट बघू नका, जन्म जाईल. तिघं वळले की सुरू. आणि जे कळलंच पाहिजे ते निव्वळ संवादात ठेवू नका. राजाचं फर्मान हातात द्या, म्हणजे चुकलेल्याला नंतर वाचता येईल.

सुट्टा_फासा
फर्मान करून बघितलं होतं. मराठी अक्षरं फुटतात. "किल्ला"ची वेलांटी क च्या मागे जाऊन पडते आणि ल्ल च्या जागी पाय मोडलेला ल येतो.

गोडोप्रेमी
गोडो ४ इंजिन घ्या. हार्फबझ (अक्षरजुळणी करणारं सॉफ्टवेअर) आतच आहे, जोडाक्षरं आपोआप नीट येतात.

गारगोटी
रविवारी खेळ आहे आणि तुम्ही इंजिन बदलायला सांगताय?

गोडोप्रेमी
मी फक्त माहिती दिली.

विंगेतला
युनिटीचं टेक्स्टमेशप्रो अक्षरांचे ग्लिफ (आकार) एकामागे एक मांडतं, देवनागरीची जुळणी करत नाही, म्हणून असं होतं. रविवारपुरता उपाय: फर्मान चित्र म्हणून तयार करा, पीएनजी, मिपमॅप (चित्राच्या लहान आवृत्त्या) चालू, नाहीतर मान हलली की अक्षरं लुकलुकतात. एक मीटरवर धरल्यास अक्षराची उंची निदान अडीच सेंटिमीटर ठेवा. क्वेस्ट ३ वर एका अंशात साधारण २५ पिक्सेल, म्हणजे अक्षराला ३५ च्या आसपास मिळतात. वेलांट्या आणि उकार धरले तर याहून लहान अक्षर वाचताच येणार नाही. कागद अर्ध्या मीटरच्या आत आणू देऊ नका, डोळे दुखतात.

चष्मेबद्दूर
चष्मेवाल्यांनी कोणता हेडसेट घ्यावा?

गारगोटी
नवा धागा काढा हो.
@सुट्टा_फासा, चौघं एकाच खोलीत असतात का?

सुट्टा_फासा
हो, एकाच हॉलमध्ये. सांगायला हवं होतं का? जागा एक आहे म्हणून शेअर्ड अँकर (सगळ्या हेडसेटना खोलीतली एकच खूण) लावलाय.

ओळंबा
अहो! मग वरचं अर्धं उत्तर बदलतं. तुम्ही प्रत्येकाला राजाकडे वेगवेगळ्या कोनात वळवता, म्हणजे अँकरने जुळवलेली खरी आणि खेळातली जागा तिथेच फिसकटली. शेजारचा खरा आवाज डावीकडून, त्याचा खेळातला अवतार उजवीकडे. गरगरण्यात याचाही वाटा असेल, आणि धडकाधडकी होईल ती वेगळी.

गारगोटींचा स्नॅप टर्न इथे चालणार नाही. प्रत्येकाचा वेगळा टेलिपोर्टही नाही. जागा बदलायची तर काळोखात चारही रिगना एकच विस्थापन द्या, अख्खी टोळी एकदम भुयारात. बाकी ज्याने त्याने हॉलमध्ये पायी चालावं.

गारगोटी
एका खोलीत आहेत हे आधी कळलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. व्हिन्येटचं मात्र मागे घेत नाही.

ओळंबा
रिग सरकतच नसेल तर व्हिन्येट कशासाठी? नुसता काळा गोल.

आणखी दोन गोष्टी. व्हॉइस चॅट बंद करा. खरा आवाज आधी आणि तोच हेडसेटमधून शंभर-दोनशे मिलिसेकंदांनी पुन्हा, हे कोणाच्याही डोक्यात जाईल. तुमचा आवाज राजाच्या तोंडी हवा तर फक्त तुमचा माइक चालू ठेवा आणि दुसऱ्या खोलीत बसा. दुसरं, कोणी बटण दाबून रिसेंटर केलं (समोरची दिशा नव्याने ठरवली) की त्याचं जग सरकतं. तो इव्हेंट पकडून रिग अँकरशी पुन्हा जुळवा.

सुट्टा_फासा
वळवणं काढलं, व्हॉइस चॅट बंद. वीस मिनिटं कोणी हेडसेट काढला नाही. पण फासे दोघांना वेगळे आकडे दाखवतात! एकाला १७, दुसऱ्याला ४.

विंगेतला
प्रत्येक हेडसेट आपापली भौतिकी चालवतोय. एकदा कोपऱ्यावरून वेगळा उलटला की संपलं. फासा फक्त होस्टवर (सगळ्यांसाठी खेळ चालवणाऱ्या एका यंत्रावर) फेका, बाकीच्यांकडे त्याचं रिजिडबॉडी कायनेमॅटिक करून (म्हणजे तिथली भौतिकी बंद) होस्टची जागा आणि फिरकी पाठवा.

कंदील_विझवा
खरे फासे टेबलावर टाका, पासथ्रूमधून (हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून) दिसतात.

ओळंबा
@कंदील_विझवा, हे मात्र खरंच करून बघण्यासारखं आहे. शेअर्ड अँकर आहेच, टेबल खरं ठेवा.

सुट्टा_फासा
फासे जमले, होस्टवर. तिघं राजाकडे बघतात. चौथा अजून छतच बघतोय.

विंगेतला
छतावर नक्षी आहे का? दरबारात सर्वात बारीक काम तिथेच असेल तर नजर तिथेच जाणार. तिथला लाइट बंद करा.

सुट्टा_फासा
झुंबर आहे. विकत घेतलेलं मॉडेल, दोन लाख त्रिकोण.

ओळंबा
म्हणून १५ मिलिसेकंदांची फ्रेम, एवढे त्रिकोण रेखाटायला वेळ जातो.