सुरुवात पहिल्या वाक्यापासून नको

कृष्णेच्या महापुरावर पुस्तक लिहायचंय, पण पहिलं वाक्यच सुचत नाही म्हणताय ना? मग ते शेवटी लिहा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडतं, तिथून सुरू करा. २००५, २०१९, २०२१ असे तिन्ही पूर एकदम घेऊ नका, त्याचा अहवाल होतो. एकच पूर, एकच गल्ली, सात-आठ माणसं. प्रत्येकाला ‘कसं वाटलं’ विचारू नका (सगळे तेच सांगतात). पाणी कितव्या पायरीला होतं, आधी काय उचललं, ते विचारा. रोज ३०० शब्द धरले तर २०० दिवसांत ६०,००० होतात. कालचं मात्र दुरुस्त करायला बसू नका, पहिली दहा पानंच घोटली जातात. उठताना वाक्य अर्धवट सोडा. दुसऱ्या दिवशी हात लगेच चालतो.